नव्व्याण्णव

पहिला आठवडा नुसता कंसांत गेला.
उघडला की बंद करायचा,
एवढंच शिकवत होत्या कुरियन मॅडम,
आणि समाजशास्त्राच्या आम्हा बावीस जणांत
एकालाही ते धड जमत नव्हतं.
तेजल घरत म्हणाली, आमच्या गावात दारंसुद्धा
एवढी कुणी लावत नाही.

नेरूळच्या त्या लॅबमधला एसी असा, की बोटं आखडायची.
स्वल्पविराम सुटला की लाल अक्षरं.
स्पेलिंग चुकलं की लाल अक्षरं.
काहीच चुकलं नाही असं वाटलं
की हमखास.
ओवैस ती मोठ्यानं वाचायचा, बातम्या दिल्यासारखी:
‘अशी कोणतीही वस्तू सापडलेली नाही.’
आम्ही हसायचो, आणि मग गुपचूप
त्याच्याच स्क्रीनवरून उतरवून घ्यायचो.

दहावीनंतर गणित सुटलं तेव्हा
पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते मी.
आता साधी सरासरी काढायची,
तीही मशीनच्या हातापाया पडून.

सरासरी आली ४.८.
दिघ्यातली एक गल्ली, चाळीस घरं,
प्रश्न सातवा: मुलं किती?
मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
‘हे खरं वाटतंय तुला? तू गेली होतीस ना तिकडे?’

गेले होते.
एप्रिलची दुपार. डोंगराकडची पांढरी धूळ
फॉर्मवर बसत होती, पेन दोनदा अडलं.

‘मग तक्ता वाच. वरून खाली. एकेक घर.’
वाचला.
दोन, तीन, एक, दोन, दोन, शून्य, चार,
आणि सतराव्या ओळीत
नव्व्याण्णव.

मीच भरलेलं. सूचनापत्रात होतं तसं:
उत्तर न मिळाल्यास ९९ लिहावे.

सतरावं घर. दारात निळा ड्रम.
बाई परात घासत होती.
नाव सांगितलं, वय सांगितलं,
पाणी किती वाजता येतं ते तर
न विचारताच सांगितलं, चार शिव्यांसकट.
सातव्या प्रश्नाला हात थांबला.
‘आत्ताचे सांगू, का सगळे?’
मला काही सुचेना. मी फॉर्म उलटापालटा केला.
‘राहू दे,’ म्हणाली. ‘लिही तुला काय लिहायचं ते.’
मी मान खाली घालून दोनदा नऊ काढला.

मशीनला काय.
त्यानं नव्व्याण्णव लेकरं तिच्या पदरात घातली
आणि अख्ख्या गल्लीत वाटून टाकली.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची होती.
ओवैसनं नुसतं बोट दाखवलं,
आणि पहिल्यांदाच माझे सगळे कंस
एका फटक्यात बंद झाले.
२.३८.
खाली बारीक, करड्या अक्षरांत:
‘एक ओळ वगळली.’

मॅडम म्हणाल्या, ‘शाब्बास.’
तेजलनं टाळी मागितली, मी दिली.
आनंद झालाच. खोटं कशाला सांगू.

सगळे चहाला गेले. मी बसून राहिले.
पहिल्याच तासाला सांगितलं होतं मॅडमनी:
दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची ती जाळी
ओळीच्या सुरुवातीला टाकली
की पुढचं मशीन वाचत नाही.
ते आपल्यासाठी असतं,
किंवा आपल्यामागून कुणी येईल त्याच्यासाठी.
तेव्हा मी वहीत हे लिहूनही घेतलं नव्हतं.
मशीनच वाचणार नसेल, तर टाइप कोण करत बसणार?

मी जाळी टाकली. पुढे लिहिलं:
घर सतरा. बाई घरी होती. परात घासत होती.
तिनं विचारलं, आत्ताचे का सगळे.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.

पुन्हा चालवून पाहिलं.
लाल काही आलं नाही.
२.३८.
घरं एकोणचाळीस.